पत मोजण्याचे सूत्र आणि उशिरा आलेले उत्तर

डाळिंबाच्या फळांवर तेलकट डाग दिसू लागले आहेत, काय करावे, असा प्रश्न एका सकाळी आमच्या शेतीविषयक प्रश्नोत्तरांच्या छोट्या व्यासपीठावर आला. दहा मिनिटांच्या आत एका उत्साही सदस्याने बुरशीनाशकाचे नाव आणि मात्रा सांगणारे दोन ओळींचे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी रात्री, बागेतली कामे आटोपल्यावर, सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुभवी बागायतदारांनी सविस्तर उत्तर लिहिले. डाग तेल्याचे आहेत की बुरशीचे हे आधी ओळखा, तेल्या जिवाणूंमुळे होतो म्हणून केवळ बुरशीनाशकावर विसंबू नका, रोगट फळे आणि फांद्या काढून बागेबाहेर नष्ट करा, आणि छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेताना दर वेळी निर्जंतुक करा, असे त्यांनी सांगितले होते. तोपर्यंत पहिल्या उत्तराला भरपूर मते पडून ते सर्वांत वर गेले होते, आणि वर असल्यामुळे येणारा प्रत्येक जण तेच वाचून त्यालाच मत देऊन जात होता. दुसरे उत्तर तळाशीच राहिले. असे तीन-चार वेळा घडल्यावर त्या बागायतदारांनी लिहिणे थांबवले. त्यांनी तक्रार केली नाही; ते नुसते यायचे बंद झाले.

मतांची मोजणी कशी करायची, कोणते उत्तर वर दाखवायचे आणि कोणत्या सदस्याची पत किती धरायची, याचे नियम त्या व्यासपीठासाठी मी लिहिले होते. मतदारांनी काहीही गैर केले नव्हते. अन्याय नियमांत होता, आणि तो मला दिसायला वर्ष लागले. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. इतर ठिकाणी लोकांनी हे प्रश्न कसे सोडवले हे वाचत गेलो, आमचे नियम तीनदा बदलले, आणि त्यातून माझी जी मते बनली ती येथे नोंदवत आहे.

आधी ‘पत’ या शब्दाविषयी. मराठीत हा शब्द फार नेमका आहे. ‘त्यांची बाजारात पत आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा बाजार कोणता, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याची पत जळगावच्या सराफाकडे चालेलच असे नाही, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. पत देणारा कोण, कशासाठी दिली आणि किती काळापुरती, या तीनही गोष्टी त्या शब्दात गृहीत धरलेल्या असतात. सदस्याच्या नावापुढे ४,२३५ असा एकच आकडा छापला की या तीनही गोष्टी गळून पडतात. मातीपरीक्षणावर उत्तम उत्तरे देऊन मिळवलेली पत मग दुग्धव्यवसायावरच्या चुकीच्या सल्ल्यालाही वजन देऊ लागते.

तरीही माणसाच्या पतीआधी उत्तराच्या मतांचा विचार केला पाहिजे, कारण पत शेवटी त्याच मतांतून तयार होते.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे अनुकूल मतांतून प्रतिकूल मते वजा करणे. आमची पद्धत हीच होती. समजा एका उत्तराला ३०० लोकांनी मत दिले, त्यांपैकी १८० अनुकूल आणि १२० प्रतिकूल. दुसऱ्याला फक्त ५० जणांनी, पण त्यांपैकी ४५ अनुकूल. वजाबाकीत पहिल्याला ६० गुण आणि दुसऱ्याला ४०, म्हणजे ज्याच्याविषयी वाचकांत उघड दुमत आहे ते उत्तर जवळजवळ सर्वांना पटलेल्या उत्तराच्या वर जाते. मग टक्केवारी काढावी म्हटले, तर दोनच मते पडून दोन्ही अनुकूल असलेले उत्तर १०० टक्क्यांसह सर्वांच्या डोक्यावर बसते. वजाबाकी गर्दीला बक्षीस देते आणि टक्केवारी योगायोगाला.

यावरचा जो उपाय आज बऱ्याच ठिकाणी वापरला जातो, त्याचे गणित एडविन विल्सन या अमेरिकी गणितज्ञाने १९२७ साली मांडले होते. पडलेली मते हा नमुना आहे असे मानायचे, आणि सगळ्यांनीच मत दिले असते तर अनुकूल मतांचे प्रमाण किमान किती निघाले असते, याची खालची मर्यादा काढायची. ९५ टक्के विश्वासपातळी धरली, तर दोनपैकी दोन मतांची खालची मर्यादा ०.३४ येते, दहापैकी दहा मतांची ०.७२, आणि वरच्या उदाहरणातल्या ५० पैकी ४५ मतांची ०.७९, ३०० पैकी १८० मतांची मात्र ०.५४ वरच थांबते. पुरावा जितका तुटपुंजा, तितका सूत्राचा हात आखडता. प्रोग्रामर इव्हान मिलर यांनी २००९ साली सरासरीने क्रम लावण्यातली चूक दाखवून देताना हेच सूत्र पुढे आणले, आणि त्याच वर्षी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांच्या पुढाकाराने रेडिट या चर्चास्थळाने प्रतिसादांचा ‘सर्वोत्तम’ क्रम त्यावर आधारला. तोवर तिथेही आमच्यासारखीच अवस्था होती: जो आधी आला तो वर, आणि वर असल्याने आणखी वर.

हे सूत्र आमच्याकडे बसवले तेव्हा प्रश्न सुटला असे मला वाटले होते. तो निम्माच सुटला. खालची मर्यादा वाचकाला सावध सल्ला देते, परंतु नव्या उत्तराशी ती कठोर वागते: ज्याच्याकडे पुरावा नाही त्याला तळाशी ठेवते, आणि तळाशी असलेले कोणी वाचत नसल्यामुळे त्याला पुरावा कधीच मिळत नाही. बागायतदारांचे उत्तर चुकीचे ठरलेले नव्हते. त्याची सुनावणीच झाली नव्हती. आता आम्ही वरच्या तीन जागांपैकी एक जागा राखून ठेवतो, आणि पुरेशा वाचकांच्या नजरेखाली न गेलेल्या उत्तरांतून एक उत्तर प्रत्येक वाचकासमोर यादृच्छिकपणे तिथे येते. यामुळे काही वाचकांना सुमार उत्तरही वर दिसते, ही किंमत खरी आहे. ती देणे मला योग्य वाटते, कारण ती सर्व वाचकांत थोडी थोडी विभागली जाते. आधीची किंमत मात्र उशिरा येणाऱ्या, विचार करून लिहिणाऱ्या माणसांवर एकवटलेली होती.

मतांच्या मोजणीइतकेच महत्त्व मत कसे दिले जाते याला आहे. फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से याने १७८५ साली सिद्ध केले होते की प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी जास्त असली, तरी मतदारांची संख्या वाढेल तसे बहुमत बरोबर असण्याची शक्यता निश्चिततेकडे जाते. बहुमतावरच्या आपल्या विश्वासाला इतका भक्कम आधार क्वचितच सापडेल. परंतु त्यात एक अट आहे: प्रत्येकाने स्वतंत्रपणे मत दिले पाहिजे. उत्तराशेजारी मतांचा आकडा ठळक छापून मग मत मागणे म्हणजे ही अट स्वतःच्या हाताने मोडणे होय.

ती किती मोडते, हे मुचनिक, अराल आणि टेलर यांनी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दाखवले. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका ठिकाणच्या १,०१,२८१ प्रतिसादांतून त्यांनी यादृच्छिकपणे काही निवडले, आणि कोणी पाहण्याआधीच काहींना एक अनुकूल, तर काहींना एक प्रतिकूल मत देऊन ठेवले. त्या एका खोट्या अनुकूल मतामुळे पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि त्या प्रतिसादांचे अंतिम गुण सरासरीने २५ टक्क्यांनी फुगले. खोट्या प्रतिकूल मताचा परिणाम मात्र इतर वाचकांनी उलट मते देऊन बराचसा पुसून टाकला. मला या दोहोंतला हा फरकच अधिक चिंतेचा वाटतो. अन्यायाने खाली ढकललेल्याला लोक हात देतात, कारण अन्याय डोळ्यांना दिसतो. अन्यायाने वर चढलेल्याकडे पाहून कोणाला काही खटकत नाही.

म्हणून आम्ही पहिले चोवीस तास मतांचा आकडा दाखवत नाही. हा विचार आमचा नाही. रेडिटवर प्रतिसादांचे गुण काही काळ झाकून ठेवण्याची सोय २०१३ पासून आहे, आणि हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक चर्चास्थळावर इतरांच्या प्रतिसादांचे गुण २०११ पासून कोणालाच दिसत नाहीत. आकडा झाकल्यावर आमच्याकडे तक्रारी आल्या. कोणते उत्तर खात्रीचे हे कळत नाही, असे नव्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते आणि ते रास्त होते, कारण फवारणीचा निर्णय उद्या सकाळी घ्यायचा असतो. त्यामुळे त्या काळातही क्रम दिसतो, आकडा दिसत नाही, अशी मधली वाट आम्ही काढली. ती पूर्ण समाधानकारक नाही, क्रमही वाचकाला प्रभावित करतोच. परंतु राखीव जागेसह ती सध्या चालते आहे.

आता माणसांच्या पतीकडे येतो. येथे मला सर्वाधिक शिकवले ते स्लॅशडॉटने. १९९७ साली सुरू झालेल्या, तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या या ठिकाणी प्रतिसादांना −१ ते ५ असे गुण असत. निनावी माणसाचा प्रतिसाद ० पासून सुरू होई, नोंदणी केलेल्याचा १ पासून, आणि चांगले ‘कर्म’, म्हणजे तिथली पत, साठवलेल्याचा २ पासून. पण गुण देण्याचा अधिकार मात्र कोणाकडे कायमचा नव्हता. नियमित येणाऱ्या, बरे कर्म असलेल्या सदस्यांतून जणू सोडत निघे; ज्याचे नाव निघे त्याला पाच गुण वापरायला मिळत आणि तीन दिवसांत ते न वापरल्यास संपून जात. ज्या चर्चेत आपण स्वतः लिहिले, त्या चर्चेत गुण देता येत नसत. दिलेले गुण योग्य होते का, हे तपासायला सदस्यांचीच आणखी एक फळी होती. म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्या आपल्या वाचकांना यातला न्याय चटकन उमगेल: पात्रता मिळवावी लागते, पण त्यापुढची संधी कोणाच्या मालकीची नसते.

स्लॅशडॉटच्या आणखी दोन बारकाव्यांवर मी बराच वेळ घालवला आहे. पहिला असा की गुण देताना कारण निवडावे लागे: मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, विनोदी, अवांतर, भडकाऊ इत्यादी. ‘ऐसी अक्षरे’ या मराठी संस्थळाने श्रेणींची ही कल्पना मराठी शब्दांत आणली, ती अनेक वाचकांच्या परिचयाची असेल. कारण लिहायला लावले की मत देणारा क्षणभर थांबतो, आणि ‘मला पटले नाही’ व ‘हे चुकीचे आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला जाणवते. विनोदी ठरलेल्या प्रतिसादाला गुण मिळत, पण लेखकाचे कर्म वाढत नसे. हसवल्याबद्दल दाद मिळावी, अधिकार मिळू नये, हा भेद मला फार सूक्ष्म वाटतो. दुसरा बारकावा असा की कर्माला ५० ची कमाल मर्यादा होती, आणि पुढे तर आकडा काढून टाकून ‘चांगले’, ‘उत्कृष्ट’ अशा शब्दांतच ते सांगितले जाऊ लागले. आकडा दिसला की माणसे आकड्यासाठी लिहू लागतात.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगविषयक प्रश्नोत्तरांच्या संस्थळाने याच्या अगदी उलट रस्ता धरला. सप्टेंबर २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते सुरू केले तेव्हापासून पतीचा आकडा प्रत्येक नावाशेजारी ठळक आहे, आणि त्या आकड्याला अधिकार बांधलेले आहेत: १५ गुणांवर अनुकूल मत देता येते, १२५ वर प्रतिकूल, २,००० वर इतरांच्या मजकुरात थेट दुरुस्ती करता येते. उत्तरावरच्या अनुकूल मताला १० गुण, प्रश्नकर्त्याने स्वीकारलेल्या उत्तराला १५. मतांतून एका दिवसात २०० हून अधिक गुण मिळत नाहीत, त्यामुळे एखादे उत्तर अचानक गाजले म्हणून कोणी एका रात्रीत मातब्बर होत नाही. या रचनेने प्रोग्रामिंगच्या ज्ञानाचा केवढा साठा उभा केला हे सर्वश्रुत आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ‘सर्वांत आधी गोळी झाडणारा जिंकतो’ ही तक्रार तिथे आरंभापासून होती, आणि ती आमच्या डाळिंबाच्या प्रश्नासारखीच आहे. जुने स्वीकारलेले उत्तर वर्षानुवर्षे माथ्यावर चिकटून राहते, दरम्यान तंत्र बदललेले असते. म्हणून २०२१ साली त्यांनी स्वीकारलेल्या उत्तराची वरची जागा काढून घेतली आणि पुढच्या वर्षी अलीकडच्या मतांना जास्त वजन देणारा क्रम आणला. प्रश्नाला मिळणाऱ्या मताचे मोल २०१० मध्ये १० वरून ५ केले होते, ते २०१९ मध्ये पुन्हा १० केले. चांगला प्रश्न विचारणे हेही काम आहे, हे मान्य व्हायला नऊ वर्षे गेली. आमच्याकडे मी ते सुरुवातीपासून समान ठेवले, कारण कोणत्या पानावर, कोणत्या हवामानात, पेरणीनंतर कितव्या दिवशी, हे सगळे नीट लिहिणारा शेतकरी पुढच्या शंभर जणांचे काम हलके करतो.

प्रतिकूल मताविषयी माझे मत बदलले आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला प्रतिकूल मत दिले तर लेखकाचे २ गुण जातात आणि देणाऱ्याचा १. नापसंती फुकट नसावी, हा विचार मला अजूनही पटतो. परंतु २०१४ साली चेंग, दानेस्कू-निकुलेस्कू-मिझील आणि लेस्कोवेच यांनी चार मोठ्या ठिकाणांच्या चर्चांचा अभ्यास करून दाखवले की प्रतिकूल मते मिळालेले लेखक गप्प बसत नाहीत. ते अधिक लिहू लागतात, लिखाणाचा दर्जा घसरतो, आणि ते इतरांनाही प्रतिकूल मते देऊ लागतात. हाकलण्यासाठी मारलेला दगड असा परत येतो. आमच्याकडे आता प्रतिकूल मत देताना ‘यात काय चुकले’ हे एका ओळीत लिहावे लागते, आणि ती ओळ फक्त लेखकाला दिसते. प्रतिकूल मते फार कमी झाली. चुकीच्या मात्रा सांगणारी उत्तरे तेवढीच पकडली जातात की नाही, यावर मी अजून लक्ष ठेवून आहे, कारण कीटकनाशकाच्या चुकीच्या मात्रेला सौजन्याने वाचवणे हाही अन्यायच होईल.

परस्परांना गुण देण्याची पद्धत मी ठेवलीच नाही. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेत खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांना शेरे देत असत. सूडाच्या भीतीने वाईट शेरा देण्याचे खरेदीदार टाळू लागले, आणि शेवटी २००८ साली विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घ्यावा लागला.

कंपूबाजीचा प्रश्न याहून अवघड आहे. दहा-बारा जण एकमेकांच्या प्रत्येक मजकुराला मत देत राहतात. त्यात खोटी खाती नसतात, लबाडीही नसते, खरी मैत्री असते. यावर मला सर्वांत विचारपूर्वक वाटलेला उपाय ट्विटरच्या (आताच्या ‘एक्स’च्या) ‘कम्युनिटी नोट्स’मध्ये, म्हणजे दिशाभूल करणाऱ्या मजकुराला सदस्यांनीच जोडायच्या खुलाशाच्या टिपांमध्ये आहे. जानेवारी २०२१ मध्ये तो ‘बर्डवॉच’ या नावाने सुरू झाला. तिथे एखाद्या टिपेला किती जणांनी उपयुक्त म्हटले यापेक्षा कोणी म्हटले याला महत्त्व आहे. मत देणाऱ्यांचा कल त्यांच्या आधीच्या मतांवरून अजमावला जातो. त्या कलामुळे जेवढी पसंती मिळणारच होती तेवढी गणितातून बाजूला काढली जाते, आणि उरलेली पसंती ०.४० या मर्यादेपलीकडे गेली तरच टीप सर्वांना दिसते. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्यांना जे पटले, ते वर येते. सेंद्रिय शेतीवाले आणि रासायनिक खतवाले हे आमच्याकडचे दोन गट आहेत, आणि दोघांनीही उपयुक्त ठरवलेली उत्तरे काढून पाहिली तेव्हा जमिनीतला ओलावा टिकवणे, पाचट न जाळणे, बीजप्रक्रिया असे ठोस काम सांगणारी उत्तरेच पुढे आली. मात्र या पद्धतीला मते भरपूर लागतात, आणि खऱ्या मतभेदाच्या विषयावर ती मौन धरते. छोट्या ठिकाणी ती क्रम लावण्यासाठी वापरू नये. एक जास्तीची खूण म्हणून वापरावी, असे माझे मत झाले आहे.

डुआयडींचे, म्हणजे एकाच माणसाने काढलेल्या जास्तीच्या खात्यांचे, दुखणे मराठी संस्थळांवर वावरलेल्यांना नव्याने सांगायला नको. नवे खाते काढणे फुकट असेल तर वाईट नाव पडलेला माणूस नवे नाव घेऊन येतो, म्हणून प्रत्येक नव्या माणसाकडे थोड्या संशयाने पाहावे लागते. फ्रीडमन आणि रेझनिक या संशोधकांनी २००१ साली दाखवले की स्वस्त टोपणनावांची ही किंमत पूर्णपणे टाळता येत नाही. ती किती ठेवायची, एवढेच आपल्या हातात असते. आमच्याकडे नव्या सदस्याचे उत्तर इतरांच्या उत्तरांइतकेच ठळक दिसते. त्याचे मत मात्र पहिली काही उत्तरे लिहीपर्यंत मोजणीत धरले जात नाही. बोलण्याचा हक्क लगेच आणि तोलण्याचा हक्क सावकाश, ही विभागणी मला न्याय्य वाटते.

राहिला प्रश्न पत ओसरण्याचा. जुनी पत कायम राहिली तर पहिल्या वर्षी आलेले लोक कायमचे पाटील होतात, म्हणून आम्ही दर वर्षी गुणांचा काही भाग कमी करतो. गेल्या महिन्यात एका सदस्या बाळंतपणानंतर दीड वर्षाने परतल्या. फळमाशीच्या सापळ्यांवर आमच्याकडे त्यांच्याइतके जाणकार कोणी नाही, तरी त्यांचे दुरुस्तीचे अधिकार गेलेले होते, आणि त्या अनुपस्थितीत त्यांच्या ज्ञानातले काहीही कमी झालेले नव्हते. त्यामुळे पत आणि अधिकार यांची कालगणना आता वेगळी करतो आहे: पत न लिहिल्याने ओसरणार नाही, एखादे जुने उत्तर नव्या माहितीने खोटे ठरले तरच तेवढी कमी होईल, अधिकार मात्र वर्षाने संपेल आणि परत आल्यावर नुसते मागितले की मिळेल. हे कलम मी या आठवड्यात लिहीत आहे. ते पूर्ण झाले की त्या बागायतदारांना फोन करून नवे नियम वाचून दाखवायचे ठरवले आहे. सध्या हस्त बहाराची कामे चालू आहेत, तेव्हा फोन रात्री आठनंतरच करावा लागेल.